टेंडर कोणी भरलं नाही, पण लस टोचायला टेंडर कशाला लागतं?

एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे, थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातलं नगरपरिषदेचं गाव, ताई एका सोसायटीच्या सेक्रेटरी. एका संध्याकाळी एक तांबडं कुत्रं कुठून तरी आलं, वॉचमनच्या पोराच्या पोटरीला चावलं, मग पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींच्या हाताला, वाटेत तीन-चार कुत्र्यांशी भांडलं आणि कडेला बांधलेल्या गवळ्याच्या म्हशीलाही चावलं. लोकांनी पाठलाग करून दगडांनी ठेचून मारलं आणि ओढ्यात टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी मंडळी नगरपरिषदेत गेली तर उत्तर मिळालं, "कोर्टाची ऑर्डर आहे, कुत्री उचलता येत नाहीत, नसबंदीचं टेंडर काढलंय पण कोणी भरलं नाही." आता सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडण. एक पार्टी म्हणते टेम्पो करून सगळी कुत्री घाटात सोडून येऊ, एकाने तर विष घालायचं सुचवलंय, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्याखाली चपात्या घालतात त्यांच्यावर सगळ्यांचा राग. ताईंचा प्रश्न असा की नगरपरिषदेला नक्की काय करता येतं, काय करावंच लागतं, काकूंना बंद करता येतं का, आणि त्या म्हशीचं दूध प्यायचं की नाही.

ताई, नियमांचं नंतर बघू, आधी चावलेल्या माणसांचं. तुम्हाला मेलवर लगेच कळवलंच होतं, पण हे इतरांनीही वाचावं म्हणून परत लिहितो. कुत्रं मारून ओढ्यात टाकलं म्हणजे आता ते दहा दिवस नजरेखाली ठेवायचा मार्ग गेला, आणि डोकं दगडांनी ठेचलंय म्हणजे मेंदूचा नमुना तपासायला पाठवायचाही मार्ग बहुतेक गेलाच. त्यामुळे ते पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं आणि दोघांचाही लसीचा कोर्स पूर्ण करायचा, मधे सोडायचा नाही. सरकारी दवाखान्यात हल्ली कातडीत देतात, पहिला डोस घेतला तो शून्य दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दंडात स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशीचा एक जास्त. आणि रक्त आलंय म्हणजे नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती सिरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) टोचावं लागतं, ते लसीच्या पहिल्या डोसाबरोबर किंवा फार तर त्यापासून सात दिवसांच्या आत, नंतर दिलं तर उपयोग नाही. हे सिरम प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असतंच असं नाही, "आमच्याकडे नाही, लस दिलीय, जा घरी" एवढ्यावर लोक घरी जातात, तिथेच घोळ होतो. तिथे उभं राहून विचारायचं की मग मिळतं कुठे, उपजिल्हा रुग्णालयात का सिव्हिलला, आणि चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी निघायचं.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची हे सगळ्यांना सांगून झालंय तरी लोक पंधरा सेकंद धुतात आणि वर चुना नाहीतर मिरचीपूड भरतात. नका भरू, काहीही नका भरू. आणि आजी "पोटात चौदा इंजेक्शनं" म्हणून घाबरत असतील तर त्यांना सांगा ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या पत्रात ओझरती आलीय आणि मला सगळ्यात जास्त तीच खटकली. "वाटेत तीन-चार कुत्र्यांशी भांडलं." कुत्रं मेलं आणि विषय मिटला असं सगळे धरून चाललेत, पण ते ज्यांना चावलं ती कुत्री तुमच्याच गल्लीत आहेत आणि रेबीज चावल्यावर लगेच दिसत नाही, काही आठवडे, कधी काही महिने जातात. म्हणजे तुमचा खरा धोका आत्ता सुरू झालाय, आणि नगरपरिषदेने पहिल्या आठवड्यात करायचं काम हेच होतं, त्या चार गल्ल्यांमधल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचणं आणि चावा बसलेली कोणती ते शोधून वेगळी ठेवून लक्ष ठेवणं. ते कोणी मागितलंच नाही, कारण सगळे "उचला उचला" करत गेले आणि "उचलता येत नाहीत" हे आयतं उत्तर घेऊन परत आले.

मी नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात नोकरीच केलीय, त्यामुळे हे उत्तर टेबलाच्या पलीकडून कसं दिलं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं.

पूर्ण असं आहे. केंद्राचे ॲनिमल बर्थ कंट्रोल म्हणजे एबीसी नियम २०२३ चे आहेत, त्याआधीचे २००१ चे होते, दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. त्यात भटक्या कुत्र्यांची नसबंदी, जंताचं औषध आणि लसीकरण ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायत, जी असेल तिची. पकडायचं, ऑपरेशन करायचं, लस द्यायची, कानाला खाच मारायची म्हणजे झालेलं लांबून ओळखू येतं, आणि जिथून उचललं तिथेच परत आणून सोडायचं. हे सगळं केंद्राच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता घेऊनच करावं लागतं, सहसा अशी मान्यता असलेल्या संस्थेकडून करून घेतात, तिला पिंजरे, ऑपरेशनची खोली, डॉक्टर, गाडी सगळं लागतं, आणि छोट्या गावात एवढ्या पैशात कोणी येत नाही म्हणून टेंडर पडून राहतं. इथपर्यंत तुमच्या साहेबांचं म्हणणं बरोबर.

पण नसबंदी आणि लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! नसबंदीने कुत्र्यांची संख्या हळूहळू कमी होते, त्याला वर्षं लागतात. रेबीज थांबतो तो लसीने. आणि लसीला ऑपरेशन थिएटर लागत नाही, एक पशुवैद्यक, चार पकडणारी पोरं, दोन जाळ्या, बर्फाच्या डब्यात लस आणि लिहायला एक वही एवढ्यावर सकाळी साडेपाचला एक वॉर्ड सुरू करता येतो. साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच, नऊ वाजता गेलात तर कुत्री गाड्यांखाली जाऊन बसतात आणि मग दिवसभर नुसती पळापळ, शिवाय बघायला गर्दी आणि गर्दीत प्रत्येकजण एक्सपर्ट. जाळी टाकायची, मांडीत टोचायचं, डोक्यावर रंगाचा एक पट्टा ओढायचा आणि तिथल्या तिथे सोडून द्यायचं, मिनिटाभराचं काम. दुसऱ्या दिवशी परत चक्कर मारून रंगवाली किती आणि बिनरंगाची किती मोजली की किती टक्के झालं ते कळतं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते, हा जगभर वापरला जाणारा आकडा आहे. मात्र दरवर्षी करावं लागतं, कारण कुत्री मरतात, नवी पिल्लं होतात, सत्तरचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर खाली गोव्याकडे बघा. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून २०१३ पासून हेच केलं, दरवर्षी गावोगाव जाळ्या घेऊन फिरायचं, मोबाईल ॲपवर प्रत्येक कुत्र्याची नोंद, शाळांमधून पोरांना शिकवणं, संशयित कुत्र्यासाठी फोन नंबर. वर्षाला साधारण ९५ हजार कुत्र्यांना लस. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला, माणसांचे मृत्यू थांबले, आणि २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. कुत्री तिथे आजही आहेत, बीचवर तर ढीगभर आहेत. म्हणजे कुत्री असणं आणि रेबीज असणं यात फरक करता येतो आणि एका आख्ख्या राज्याने तो करून दाखवलाय, आपली नगरपरिषद तर केवढीशी.

म्हणून अर्जाचा मजकूर बदला. "भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा" हे वाक्य अर्जात लिहूच नका, त्या वाक्याला ठरलेलं उत्तर असतं. त्याऐवजी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत पशुसंवर्धन विभागाच्या तालुक्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना, असं लिहा की अमुक तारखेला अमुक ठिकाणी संशयित पिसाळलेल्या कुत्र्याने दोन माणसं, एक म्हैस आणि काही कुत्री चावली, रेबीज हा २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यातल्या यादीतला रोग आहे, तरी या परिसरातल्या कुत्र्यांचं तातडीने लसीकरण करावं आणि ते नसबंदीच्या टेंडरची वाट न बघता करावं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. या कायद्यात रोगाची शंका आली की कळवायची जबाबदारी प्राण्याच्या मालकावर आहे, गावपातळीच्या लोकांवरही आहे, आणि एकदा लेखी कळवलं की "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही, एवढा तरी फायदा.

बरोबर एक माहिती अधिकार टाका. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत, आणि त्यात भाषण नको. विचारायचं इतकंच की गेल्या तीन वर्षांत वॉर्डवार किती कुत्र्यांना रेबीजची लस दिली, कोणत्या तारखांना, आणि एबीसी नियमांखालच्या स्थानिक देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्तं द्या. अशी समिती असावीच लागते, अध्यक्ष खुद्द मुख्याधिकारी, आणि त्यात आरोग्य, पशुसंवर्धन, प्राणी संस्था सगळ्यांचे लोक. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते, काही ठिकाणी कागदावरही नसते. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि माझा अनुभव असा की उत्तर यायच्या आत बऱ्याचदा बैठक लागते.

टेम्पोवाल्या पार्टीला आता दोन शब्द. नियमाप्रमाणे कुत्रं दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही हे तर आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब चुकतो. तुमच्या गल्लीतली कुत्री काढली की कचराकुंडी आणि चिकनचं दुकान तिथेच राहतं, महिन्याभरात नवी येतात, ती कुठली, त्यांना लस आहे का, कोणाला पत्ता नाही. शिवाय आत्ता तर त्यातली काही चावा बसलेली असू शकतात, ती घाटात सोडणं म्हणजे रोग टेम्पोत घालून दुसऱ्या गावाला पोचवणं. आणि विषाचं ज्यांनी ग्रुपवर लिहिलंय त्यांना मेसेज डिलीट करायला सांगा आधी. प्राण्याला विष घालून मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि विष घातलेली पोळी कुत्र्यानेच खाल्ली पाहिजे असं काही नाही, सोसायटीत रांगणारी पोरं असतीलच.

"कोर्टाची ऑर्डर" हे जे सगळे म्हणतात ते नक्की काय आहे तेही सांगतो, कारण ऑर्डर एक नाही आणि लोक अर्धी ऐकतात. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका असं सांगितलं. ती बातमी सगळ्यांना पाठ आहे. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं, नसबंदी, जंताचं औषध, लस झाली की त्याच भागात परत सोडा, पण ज्याला रेबीज झालाय किंवा तशी शंका आहे आणि जे कुत्रं आक्रमक आहे ते परत सोडायचं नाही. रस्त्यावर खाऊ घालायचं नाही, प्रत्येक वॉर्डात त्यासाठी जागा ठरवून द्यायची. आणि विषय देशभर लागू केला. मग ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन या आवारांतली कुत्री काढून शेल्टरमध्ये न्या आणि तिथे परत आणू नका असा आदेश आला. तुमच्या बाजूला शाळा असेल तर हा मुद्दा अर्जात घाला. पण बघा, "उचलताच येत नाहीत" असं यात कुठेच नाही. पिसाळल्याची शंका असलेलं कुत्रं उचलणं हे तर त्यांचं कामच आहे. तक्रार आली की पकडून वेगळ्या पिंजऱ्यात न्यायचं, नगरपरिषदेचा पशुवैद्यक आणि प्राणी संस्थेचा एक माणूस अशा दोघांनी बघायचं, रेबीजची दाट शक्यता वाटली तर मरेपर्यंत एकटं ठेवायचं, साधारण दहा दिवसांत ते मरतंच. नंतर मेलेलं जनावर जाळून किंवा नगरपरिषदेने ठरवून दिलेल्या पद्धतीने विल्हेवाट, ओढ्यात नाही.

ओळखायचं कसं हे विचारलं नाहीत पण सांगतो. पिसाळलेलं म्हणजे लाळ गाळत सुसाट पळणारं एवढंच लोकांना माहीत. दुसरा एक प्रकार असतो, मुका. कुत्रं कोपऱ्यात, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसतं, जबडा लोंबतो, भुंकणं घोगरं होतं, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि मायेने तोंडात हात घालतो. हा हात घालणारा माणूस बहुतेक वेळा कुत्र्यांवर प्रेम करणाराच असतो, म्हणून तुमच्या काकूंना हे आवर्जून सांगा.

काकूंवरून आठवलं. त्यांना खाऊ घालणं बंद करा असं सोसायटीला ठराव करून सांगता येत नाही, पण जिन्याखाली घालू नका असं नक्कीच सांगता येतं. २०२३ च्या नियमातच आहे, जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची, ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या गेटपासून लांब, पोरं आणि म्हातारी माणसं कमी फिरतात अशा ठिकाणी आणि वेळी, आणि खाऊन झालं की घाण आवरायची जबाबदारी घालणाऱ्याची. वाद मिटला नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी संस्था, तक्रारदार आणि सोसायटीचा माणूस अशी समिती बसवून निकाल लावायची तरतूद आहे. पण तिथपर्यंत जाऊ नका, मी तर म्हणेन काकूंना तुमच्या बाजूला घ्या. लसीकरणाच्या सकाळी जाळीवाल्या पोरांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. जे कुत्रं चौघांना दाद देत नाही ते त्यांच्या हातातल्या चपातीसाठी गप उभं राहतं, आणि कोणत्या कुत्र्याच्या अंगावर नवी जखम आहे, कोणतं दोन दिवस जेवायला आलं नाही हे त्या गल्लीत फक्त त्यांनाच माहीत असणार. सोसायटीत पाळलेली कुत्री किती आणि त्यांची लसीची कार्डं चालू आहेत का तेही याच निमित्ताने बघून घ्या, "आमचं घरातच असतं" म्हणणारे तिघे-चौघे निघतीलच.

राहिली म्हैस. गवळ्याला आजच सांगा की १९६२ ला फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवावं किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जावं, जनावरालाही चावल्यानंतरची लस असते, माणसासारखीच ठराविक दिवसांनी, आणि जितकी लवकर तितकी बरी. जखम त्यानेही साबणाने धुवायची, हातमोजे घालून. तोंडात हात घालून औषध पाजणं, नाळ्याने काढा ओतणं हे काही महिने बंद, लाळ हातावरच्या भेगांत जाते. गिळायला जमेना, विनाकारण हंबरतेय, लाळ गळतेय असं काही दिसलं तर तिच्या जवळ न जाता डॉक्टरला बोलवायचं आणि दूध घालणं त्या दिवसापासून थांबवायचं. दुधाचं म्हणाल तर उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, विषाणू उकळल्यावर टिकत नाही. आत्तापर्यंत जे उकळून प्यायलात त्यासाठी कोणी इंजेक्शन घ्यायची गरज नाही. हे मुद्दाम लिहितो कारण अशी बातमी फुटली की अख्खी गल्ली दवाखान्यात रांग लावते आणि ज्याला खरंच चावलंय त्याच्या वाटची लस संपते. कच्चं दूध किंवा धारोष्ण पिणारं कोणी घरात असेल तर ते मात्र बंद करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. गवळी बिल बुडेल म्हणून लपवायला बघेल, त्याला ग्रुपवर झोडपू नका, नाहीतर म्हैस रातोरात बाजारात विकली जाईल आणि मग ती कुठे गेली ते ना तुम्हाला कळेल ना डॉक्टरला.